लामावर गेलेले आणि घरीं राहिलेले

सातारा जिल्ह्यांत अपशिंगे नांवाचें एक गांव आहे. लोकांच्या बोलण्यांत त्या नांवापुढें ‘मिलिटरी’ हा शब्द आपोआप येतो. कारण पिढ्यान्‌पिढ्या तेथील घराघरांतून माणूस पलटणींत गेलेला आहे. पहिल्या महायुद्धांत या एका गांवचे ४६ जवान कामास आले व त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारनें गांवांत स्मारक उभारलें. मोठ्या शहराच्या हिशेबीं ४६ ही संख्या लहान वाटेल. परंतु एका खेड्यांतून एवढीं माणसें नाहींशीं झालीं म्हणजे तेथल्या शेतांची, चुलींची आणि सणवारांची काय दशा होत असेल, याची कल्पना ज्यानें त्यानें करावी. आणि ज्या युद्धांत हीं माणसें गेलीं तें युद्ध कोणाचें? व्हिएन्ना, बर्लिन आणि लंडन येथील मुत्सद्द्यांचें. अपशिंग्याच्या शेतकऱ्याचें त्या भांडणांत कांहींच देणेंघेणें नव्हतें.

आज ज्या प्रश्नाविषयीं मी बोलणार आहें, तो अशा स्मारकापाशीं उभें राहिलें म्हणजे सहज मनांत येतो. सरकार युद्ध पुकारतें. प्रजेंतील कांहीं लोक, कधीं कधीं बहुसंख्य लोक, त्या युद्धाला विरोध करतात. आणि तरीहि त्याच प्रजेंतील तरुण खांद्यावर बंदूक घेऊन त्या युद्धावर जातात. अशा वेळीं विरोध करणाऱ्या नागरिकाचें त्या शिपायाशीं नातें काय? ‘हें युद्ध माझें नाहीं’ असें म्हणणाऱ्यास ‘हा शिपाईहि माझा नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार पोंचतो काय?

या बाबतींतला सर्वांत मोठा धडा आपल्या देशास दुसऱ्या महायुद्धानें दिला. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं हिंदुस्थान युद्धांत सामील झाल्याचें जाहीर केलें. त्यापूर्वीं मध्यवर्ती कायदेमंडळाचें मत घेतलें नाहीं, लोकनियुक्त प्रांतिक मंत्रिमंडळांस विचारलें नाहीं, कोणा पुढाऱ्याशीं मसलत केली नाहीं. राष्ट्रसभेचा विरोध हिटलरशाहीच्या प्रेमापोटीं नव्हता. नाझी आणि फॅसिस्ट सत्तांचा तिनें निषेधच केला होता. तिचें म्हणणें एवढेंच कीं, जें राष्ट्र स्वतः परतंत्र आहे त्याला दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठीं, त्याच्या संमतीवांचून, रणांत ओढण्याचा कोणासहि हक्क नाहीं. समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हां काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले; मुंबई इलाख्यांतील बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळहि पायउतार झालें. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं पवनार येथें विनोबा भावे यांनीं वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. या युद्धास माणसें अथवा पैसा पुरवणें हें योग्य नव्हे, असें उघडपणें सांगणें हाच त्या सत्याग्रहाचा विधि होता. पुढें ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि पुढारी तुरुंगांत गेले.

याच सहा वर्षांत दुसरीकडे काय घडत होतें? युद्धारंभीं सुमारें २ लाखांचें असलेलें हिंदी सैन्य युद्धाअखेर २५ लाखांच्या घरांत गेलें. सक्तीची लष्करभरती या देशांत नव्हती. कागदोपत्रीं प्रत्येक शिपाई आपखुशीनें आलेला होता. त्यांपैकीं सुमारें ८७,००० माणसें परत आलीं नाहींत. म्हणजे एकाच देशांत, एकाच काळीं, एकाच भाषेंत बोलणारे लोक दोन वाटांनीं चालले होते. एक वाट तुरुंगाकडे जात होती आणि दुसरी लामाकडे.

आपल्या महाराष्ट्रांत तर हें दृश्य विशेष ठळक होतें. तेव्हांच्या सातारा जिल्ह्यांत, ज्यांत आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख समाविष्ट होता, नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९४३ पासून प्रतिसरकार उभें राहिलें. इंग्रजी सत्तेचा हुकूम न मानणारीं गांवें तेथें होतीं. आणि हाच सातारा जिल्हा पलटणींच्या भरतीचें जुनें माहेर! ज्या मुलुखांत भूमिगतांना रात्रीं भाकरी मिळत असे, त्याच मुलुखांत पोस्टमन इटलीहून आणि ब्रह्मदेशाहून आलेलीं पत्रें वांटीत असे. एका घरांतला मुलगा सरकारविरुद्ध लढणाऱ्यांस आसरा देतो आणि शेजारच्या घरांतला मुलगा त्याच सरकारच्या गणवेषांत समुद्रापार लढतो. उभयतांच्या माता मात्र एकाच पाणवठ्यावर घागरी भरतात. यांतील कोणा एकीस परकी म्हणण्याचा धीर कोणास होईल?

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. युद्धाला विरोध करणें हें सर्वांचेंच मत नव्हतें. सावरकरांनीं हिंदु तरुणांस सैन्यांत शिरण्याचा उपदेश केला. डॉ. आंबेडकरांचा दृष्टिकोन तर एका जुन्या अन्यायांतून आलेला होता. ज्या महार समाजानें कंपनी सरकारच्या काळापासून पलटणी भरल्या होत्या, त्याची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करण्यांत आली. पहिल्या महायुद्धांत गरज पडतांच १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारली आणि गरज सरतांच ती मोडलीहि. १९४१ सालीं महार रेजिमेंट पुन्हां उभी राहिली, तेव्हां त्या समाजांतील तरुणास गणवेष हा केवळ परकी राजाचा पोषाख वाटला नाहीं. गांवानें नाकारलेल्या माणुसकीची ती एक पावती होती. म्हणून शिपायाच्या निवडीचा न्याय करूं बसणाऱ्यानें आधीं हें पाहावें कीं, त्या निवडीच्या मुळाशीं आपलाच समाज कितपत आहे.

आतां त्या शिपायांपैकीं दोघांचीच हकीकत सांगतों. तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील, माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे हे पांचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्यें होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यांत सांपडली. तुकडीचे सर्व शिपाई मेले अथवा जखमी झाले. एकटे घाडगे उरले. ते तसेच त्या मोर्चावर धांवून गेले. हातबाँब टाकून त्यांनीं ती मशीनगन बंद पाडली. बंदुकींत नवीं काडतुसें भरण्यास वेळ नव्हता म्हणून दस्त्यानें शेवटच्या दोघांस लोळविलें. आणि इतक्यांत लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं ते पडले. वय अवघें बावीस वर्षांचें. त्याच दिवशीं, त्याच वेळीं, युद्धास विरोध केलेले जवाहरलाल नेहरू आणि त्यांचे सहकारी अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवान होते. आणि पुढें ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या कांठीं ज्या नामदेव जाधवांनीं जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या रानांतून वांचवून आणलें व मग एकट्यानें शत्रूचे मोर्चे बंद पाडले, ते त्याच अहमदनगर जिल्ह्यांतल्या निमजचे! दोघांसहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. किल्ल्यांतला बंदिवान आणि नदीकांठचा शिपाई, दोघेहि एकाच मातीचे. एकानें साम्राज्याचा हुकूम नाकारला, दुसऱ्यानें घेतलेली शपथ पाळली.

युद्धविरोधकांपैकीं कित्येकांच्या तोंडीं त्या काळीं एक शब्द असे: ‘भाडोत्री’. हा शिपाई पोटासाठीं गेला, त्याचें सुखदुःख त्याच्यापाशीं, असा त्या शब्दाचा भावार्थ. या आक्षेपांत कांहींच तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु पोटासाठीं कोण जातो? ज्याचें रान कोरडें आणि सावकाराच्या वहींत अडकलेलें, तो. ज्याचीं मुलें मनिऑर्डरीच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, तो. त्याच्या रिकाम्या पोटाची जबाबदारी जर साऱ्या समाजाची, तर त्या पोटासाठीं त्यानें धरलेल्या वाटेची जबाबदारी एकट्या त्याची कशी? शिवाय भाडें घेणारा तो एकटाच होता काय? मुंबईच्या गिरण्यांत सैन्यासाठीं कापड विणलें गेलें. ठेकेदारांनीं सैन्याला धान्य आणि लांकूड पुरविलें. युद्धखर्चाचा मोठा वाटा हिंदुस्थानच्या तिजोरींतून, म्हणजे तुमच्या-आमच्या वाडवडिलांनीं भरलेल्या करांतून गेला. ज्यानें सभेंत युद्धविरोधी ठरावास हात वर केला, त्याच हातानें दुसऱ्या दिवशीं कर भरला. युद्धाचें सूत अशा रीतीनें साऱ्या वस्त्रांत गुंतलेलें असतें. त्यांतला रक्ताचा धागा तेवढा शिपायाच्या वांट्यास येतो.

महात्मा गांधींना हा पेंच फार पूर्वीं पडला होता. १८९९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत बोअर युद्ध सुरू झालें, तेव्हां त्यांची वैयक्तिक सहानुभूति बोअरांच्या बाजूला होती. तें त्यांनीं आत्मचरित्रांत स्पष्टपणें नमूद केलें आहे. तरीहि सुमारें ११०० हिंदी लोकांचें शुश्रूषापथक त्यांनीं उभारलें. त्यांत मळ्यांवर राबणारे गिरमिटिये मजूरहि पुष्कळ होते. स्पायन कॉपच्या लढाईच्या वेळीं हे लोक जखमींच्या डोल्या खांद्यावर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालत असत. १९०६ सालच्या झुलू बंडाच्या वेळींहि तसेंच. तेथें तर गोऱ्या परिचारकांनीं टाळलेल्या झुलू जखमींची सेवा या पथकाच्या वांट्यास आली. पण या प्रकरणांतली खरी बोधप्रद गोष्ट पुढेंच आहे. आपण शस्त्र धरलें नाहीं, केवळ जखमींची सेवा केली, एवढ्यावरून युद्धाच्या दोषांतून आपण मोकळे होतों, असें गांधीजींनीं कधींहि म्हटलें नाहीं. दरोडेखोरांच्या टोळींत ओझें वाहणारा, पहारा करणारा आणि त्यांच्या जखमा बांधणारा हे सारे दरोड्याचे सारखेच भागीदार होत, असा त्यांचा निवाडा आहे. अहिंसेच्या एवढ्या मोठ्या उपासकानें जर आपला वाटा नाकारला नाहीं, तर केवळ तोंडानें विरोध नोंदवून हात झटकणाऱ्यांनीं आपल्यास निर्दोष कसें समजावें?

या जबाबदारीची जाणीव एकदां साऱ्या देशास लखलखीतपणें झाली होती. ५ नोव्हेंबर १९४५ रोजीं दिल्लीच्या लाल किल्ल्यांत आझाद हिंद सेनेच्या शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन या तीन अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. येथें एक गोष्ट विसरली जाते. सुभाषबाबूंनीं जपानच्या साह्यानें लढण्याचा जो मार्ग धरला, तो काँग्रेसच्या पुढाऱ्यांस मान्य नव्हता. नेहरूंनीं त्याला उघड विरोध केला होता. गांधीजींच्या अहिंसेशीं तर त्याचा मेळच नव्हता. आणि तरीहि खटला उभा राहतांच काँग्रेसनें बचावसमिति नेमली. तींत भुलाभाई देसाई होते, नेमस्त मताचे तेजबहादूर सप्रू होते, कैलासनाथ काटजू आणि असफ अली होते. आणि कित्येक वर्षांपूर्वीं बाजूस टाकलेला वकिलीचा झगा पुन्हां अंगावर चढवून स्वतः नेहरूहि होते. परतंत्र राष्ट्रास आपल्या मुक्ततेसाठीं युद्ध करण्याचा हक्क आहे, असें प्रतिपादन प्रकृति ढासळलेली असतांनाहि भुलाभाईंनीं केलें. तिघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. परंतु लोकमताचा क्षोभ पाहून सरसेनापति ऑकिन्लेक यांनीं ती माफ केली. मार्ग अमान्य, पण माणसें आपलीं: नागरिकधर्माचें इतकें नेमकें उदाहरण आपल्या इतिहासांत दुसरें सांपडणार नाहीं.

परंतु हा धर्म आपण पुरता पाळला काय? दीडच महिन्यानें, १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं, मुंबईस ‘तलवार’ या आरमारी केंद्रांतील खलाशांनीं निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला आणि तो पाहतां पाहतां साऱ्या आरमारांत पसरला. मुंबईच्या सामान्य माणसानें त्यांना अंतर दिलें नाहीं. लोकांनीं गेटवेपाशीं त्यांच्यासाठीं अन्न नेलें. कामगारांनीं हरताळ पाडला. आणि गोळीबारांत दोनशेंहून अधिक नागरिक मरण पावले. पुढाऱ्यांनीं मात्र शरण जाण्याचा सल्ला दिला, कोणावर सूड उगवूं दिला जाणार नाहीं असा भरंवसाहि दिला आणि खलाशी शरण गेले. त्यानंतर शेंकडों खलाशांस नोकरींतून काढण्यांत आलें, आणि स्वातंत्र्य आल्यावरहि त्यांना स्वतंत्र देशाच्या आरमारांत परत घेतलें नाहीं. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांनाहि सैन्याचे दरवाजे पुन्हां उघडले नाहींत. शिस्त राखण्यासाठीं हें आवश्यक होतें, असें कारण दिलें जातें. कारण खरें धरलें तरी प्रश्न उरतोच: दिलेल्या शब्दाचें काय?

आणि ज्यांनीं शपथ मोडली नाहीं, त्यांच्या वांट्यास काय आलें? त्यांच्यासाठीं कोणी झगा चढविला नाहीं, त्यांच्या नांवानें मिरवणुका निघाल्या नाहींत. ते परत आले तो स्वातंत्र्याचा उत्सव चालू होता आणि त्या उत्सवांत त्यांचीं पदकें अवघडल्यासारखीं दिसत होतीं. दिल्लीस जाऊन पाहावें. इंडिया गेटच्या दगडावर पहिल्या महायुद्धांतील आणि अफगाण युद्धांतील नांवें कोरलेलीं आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं जवळच उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकांत स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांचीं नांवें आहेत. दुसऱ्या महायुद्धांतले ते ८७,००० या दोहोंच्या मधल्या फटींत राहिले.

कोणी म्हणेल, हें सारें पारतंत्र्याच्या काळचें. आतां त्याचें काय? श्रोतेहो, माझें म्हणणें याच्या नेमकें उलट आहे. १९३९ सालच्या नागरिकास निदान एक सबळ सबब होती कीं, युद्ध पुकारणारें सरकार त्यानें निवडलेलें नव्हतें. ती सबब आपणांस उरलेली नाहीं. २९ जुलै १९८७ च्या करारानंतर आपल्या सरकारनें श्रीलंकेंत शांतिसेना पाठविली. शांतीसाठीं गेलेली ती सेना लवकरच युद्धांत गुंतली आणि तींतले अकराशेंहून अधिक जवान मरण पावले. तमिळनाडूंत या मोहिमेविषयीं तीव्र नापसंती होती. ती नापसंती बाळगण्याचा तेथील लोकांस पूर्ण हक्क होता. परंतु मार्च १९९० मध्यें शेवटच्या तुकड्या मद्रास बंदरांत उतरल्या तेव्हां राज्याचे मुख्यमंत्री त्यांच्या स्वागतास गेले नाहींत. धोरणावरचा राग शिपायावर निघाला. ज्या धोरणानें ते जवान तिकडे गेले तें दिल्लींत ठरलें होतें. तें ठरविणारे लोक आपल्या मतांनीं निवडून आलेले होते. आणि त्या धोरणाची किंमत मात्र, कोणाचेंहि मत न विचारतां, त्या जवानांनीं दिली. त्यांचें स्मारक कोलंबोजवळ उभें राहिलें, आणि तें देखील राजधानी दिल्लींत त्यांचीं नांवें कोरलीं जाण्यापूर्वीं कित्येक वर्षें.

मग विरोधक नागरिकाचें कर्तव्य तें काय? मला तें तीन प्रकारचें दिसतें. पहिलें, विरोध करावयाचा तो शिपाई निघण्यापूर्वीं आणि ज्यांनीं त्यास धाडलें त्यांच्यापाशीं. तो परत आल्यावर त्याच्या तोंडावर नव्हे. दुसरें, तो परत आला तर त्याच्या जखमांची, धंद्याची आणि मनःशांतीची काळजी ही सरकारी कचेरीवर सोंपवून मोकळें होऊं नये. गांवानें, शाळेनें, शेजाऱ्यानें ती वाटून घ्यावी. आणि तिसरें, तो परत आला नाहीं तर त्याचें नांव विसरूं नये. आणि तें नांव घेतांना त्यास ज्या युद्धानें नेलें त्याचें उगाच गौरवगान करूं नये, कीं त्या युद्धाच्या दोषापायीं त्याच्या मरणाची उपेक्षाहि करूं नये. हें तिसरें कर्तव्य सर्वांत सोपें दिसतें. परंतु आपल्या हातून जें राहून गेलें तें मुख्यतः हेंच.

२०२३ सालीं इटलींतील मोंतोने या लहानशा गांवीं यशवंत घाडगे यांचें स्मारक उघडण्यांत आलें. त्यास सूर्यघड्याळाचें रूप दिलेलें आहे. ज्या लोकांच्या डोंगरांत परक्यांचें युद्ध घडलें, त्यांनीं पळसगांवच्या एका मुलाची आठवण उन्हाच्या सावलींत जपून ठेवली. तेथें दिवस मावळावयास लागतो तेव्हां आपल्या कोंकणांत रात्र झालेली असते. त्या रात्रीं आपणहि, युद्धाविषयींचें आपलें मत कांहींहि असो, लामावरून न परतलेल्या एखाद्या शेजाऱ्याचें नांव आपल्या मुलांस सांगावें. आणि नांव सांगतांना ‘तो त्यांचा होता’ असें न म्हणतां ‘तो आपला होता’ असें म्हणावें.